ऐन भरातले हेवीवेट: एकच रात्र निवडा आणि मग भांडा

तिसरा_राऊंड

बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये सगळ्यात भारी कोण हा वाद कुठेही निघो, दहा मिनिटांत त्याचा चिखल होतो. एकाच्या डोक्यात ६६ चा अली असतो आणि समोरचा १९८० मध्ये होम्सच्या हातचा मार खाणारा अली काढून दाखवतो. टायसनचं पण तेच, कुणी ८८ चा धरतो कुणी कान चावणारा. म्हणून या धाग्यापुरता नियम: प्रत्येकाची एकच रात्र निवडायची. त्या रात्री जो माणूस दोरांच्या आत शिरला तोच धरायचा, आधीचा नाही नंतरचा नाही.

मी सुरुवात करतो. जो लुईस, २२ जून १९३८, यँकी स्टेडियम, दोन वर्षांपूर्वी ज्याने बाराव्या राऊंडला झोपवलं होतं त्या श्मेलिंगला १२४ सेकंदांत गुंडाळला. मार्सियानो, २३ सप्टेंबर १९५२, समोर वॉलकॉट. लिस्टन, सप्टेंबर १९६२, शिकागो, पॅटरसन पहिल्याच राऊंडला गार. फ्रेझर, ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर अली, हे सांगायलाच नको. फोरमन, २२ जानेवारी १९७३, जमैकातलं किंग्स्टन, तोच फ्रेझर दोन राऊंडमध्ये सहा वेळा जमिनीवर. टायसन, २७ जून १९८८, स्पिंक्स, ९१ सेकंद. लेनॉक्स लुईसची कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा, मला ठरवता येईना.

आणि अली, १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, समोर क्लीव्हलंड विल्यम्स. माझं मत इथेच नोंदवून ठेवतो, या रात्रीच्या अलीला वरच्या यादीतला एकही जण हरवू शकत नाही. ती फिल्म एकदा बघाच. ६ फूट ३ इंच, २१२ पौंडाचा माणूस हात कमरेपाशी ठेवून मागे मागे सरकतोय आणि सरकता सरकताच मारतोय, सगळे कोच सांगतात की मागे जाताना ठोशात जोर येत नाही पण विल्यम्स आपला परत खाली. त्या बिचाऱ्याला कळतच नाही की आत्ता लागला तो आला कुठून. तिसऱ्या राऊंडला रेफ्रीने थांबवली. चला, या आता.

न्यूजर्सीकर

मस्त धागा! पण शेवटचा परिच्छेद वाचून हसलो.

८८ चा टायसन. बास. स्पिंक्स तेव्हा ३१-० होता राव, म्हणजे ३१ जिंकलेला, एकही न हरलेला, ज्या माणसाने होम्सला ४८-० वर अडवलं तो, कुणी सोम्यागोम्या नव्हे. अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉकवर तो कन्व्हेन्शन हॉल अजून उभा आहे, उन्हाळ्यात पाहुणे आले की मी त्यांना समुद्र दाखवायच्या ऐवजी तो दाखवतो आणि बायको चिडते.

लोकांना वाटतं टायसन म्हणजे नुसता जोर. अजिबात नाही. कस डीअमाटोने त्याला जे शिकवलं होतं, दोन्ही ग्लोव्ह गालाला चिकटवून, डोकं सतत हलतं ठेवून पुढे जायचं, त्यात जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा) चुकवायची हालचाल आणि पुढचा ठोसा मारायची तयारी हे एकच काम असतं. डोकं डावीकडे नेलं की वजन डाव्या पायावर, मग तिथूनच डावा हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, सुटतो. शिवाय त्याची ती खास जोडी, उजव्या हाताने बरगडीत आणि लगेच त्याच हाताने हनुवटीखाली अप्परकट. समोरचा कोपर खाली आणतो तोपर्यंत दुसरा वरून पोचलेला असतो. अलीने हात कमरेपाशी ठेवून हे करून दाखवावं एकदा.

टिवल्याबावल्या

मी पॉपकॉर्न घेऊन खुर्चीत. दोन्ही ग्लोव्ह गालाला चिकटवलेत.

मीनल_ठाणे

नियम छान आहे पण त्यात एक मोठं भोक आहे. तुम्ही ज्या रात्री निवडल्यात त्यातल्या निम्म्या रात्रींना समोरचा माणूस घंटा वाजायच्या आधीच हरलेला होता.

क्लीव्हलंड विल्यम्स घ्या. १९६४ मध्ये टेक्सासच्या हायवे पोलिसाने त्याच्या पोटात गोळी घातली होती, एक किडनी गेली, मांडीवर परिणाम झाला, ऑपरेशनवर ऑपरेशन. ॲस्ट्रोडोममध्ये अलीसमोर उभा होता तो त्या माणसाचा उरलेला सांगाडा. पॅटरसन तर १९६२ ला शिकागोमध्ये येतानाच खोटी दाढीमिशी घेऊन आला होता, हरलो तर ओळख लपवून सटकता यावं म्हणून, आणि खरंच ती लावून गेला. ज्याच्या बॅगेत पराभवाचं सामान आधीच भरलेलं आहे त्याला पहिल्या राऊंडला पाडण्यात लिस्टनचं किती आणि भीतीचं किती? स्पिंक्सचा त्या रात्रीचा चेहरा बघा, पाचावर धारण बसलेली. मुळात तो लाइट हेवीवेटमधून वर आलेला.

म्हणजे तुमची यादी कुणाचा प्रतिस्पर्धी किती घाबरला होता याची आहे. मला विचाराल तर प्रत्येकाची सगळ्यात वाईट रात्र घ्या, म्हणजे जिथे ठरवलेलं काहीच चालेना, मार बसला, दिसेना, दम संपला, तिथे त्याने काय केलं. १९६४ ला मायामीत लिस्टनविरुद्ध अलीच्या डोळ्यांत काहीतरी गेलं, पाचवा राऊंड जवळजवळ आंधळा खेळला, ग्लोव्ह काढा म्हणत होता तर ट्रेनर अँजेलो डंडीने ढकलून बाहेर काढला. तो तीन मिनिटं नुसता डावा हात लांब धरून लिस्टनला अंतरावर ठेवत फिरला. त्या तीन मिनिटांत मला जास्त अली दिसतो, ॲस्ट्रोडोममध्ये कमी.

तिसरा_राऊंड

मीनलताई, गोळीचं मान्य, ते मला माहीत होतं. पण मी विल्यम्स किती भारी होता हे म्हणतच नाहीये. मी अली काय करत होता ते बघा म्हणतोय. समोर कुणीही असो, त्या वजनाच्या माणसाचे पाय तसे चालताना त्याआधी कुणी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

डावखुरा

"त्यानंतरही नाही" या वाक्यासाठीच लॉगिन केलं.

१८ मे २०२४, रियाध. ओलेक्झांडर उसिक, २२३ पौंड. समोर टायसन फ्युरी, ६ फूट ९ इंच, २६२ पौंड, आयुष्यात एकदाही न हरलेला. आपल्याकडे रविवारची पहाट उजाडायची होती. पाचव्या सहाव्याला फ्युरीने अप्परकटनी त्याला बेजार केलं होतं, मला वाटलं गेला आपला माणूस. आणि नवव्या राऊंडमध्ये त्याने फ्युरीला जो धरून हाणला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तो दोराला अडकला म्हणून उभा राहिला, रेफ्रीला काउंट द्यावा लागला. त्यानंतर डिसेंबरात परत हरवला, मग जुलै २०२५ ला वेम्बलीत दुबुआला पाचव्या राऊंडला झोपवला. मीनलताईंचा वाईट रात्रीचा नियम लावा नाहीतर चांगल्या रात्रीचा, उसिक दोन्हीकडे पास.

आता अलीप्रेमींसाठी खास. ॲस्ट्रोडोमच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर १९६६, फ्रँकफर्ट, कार्ल मिल्डेनबर्गर. डावखुरा. त्याला संपवायला तुमच्या "कुणीच हरवू शकत नाही" वाल्या अलीला बारावा राऊंड उजाडला. तोच अली, तेच पाय, फक्त समोरचा उलट्या स्टान्समध्ये उभा. जॅब जिथून यायला हवा तिथून येईना, उजवीकडे फिरावं की डावीकडे ते ठरेना. आणि मिल्डेनबर्गर म्हणजे उसिक नव्हे.

तिसरा_राऊंड

मिल्डेनबर्गरला तीनदा पाडला होता त्याने. नाकी नऊ आले वगैरे काही नाही, वेळ लागला इतकंच.

डावखुरा

वेळ लागला हेच म्हणतोय साहेब. :)

घाटावरचा_अण्णा

रामराम मंडळी. समदं वाचलं. सगळे सेकंद मोजत बसल्यात, वजनाचं कुणी बोलंना.

मार्सियानो त्या वॉलकॉटच्या रात्री १८४ पौंड. म्हंजी ८३ किलो अन वर थोडं. आजच्या हिशोबानं त्यो हेवीवेटच न्हाई, क्रूझरवेटची हद्दच २०० पौंडाला हाय. जो लुईस श्मेलिंगच्या वक्ताला १९८ का काय व्हता, त्यो बी क्रूझरच. आन तुमी त्यास्नी फ्युरीसमोर उभा करणार, ज्यो २०२० ला वाइल्डरला २७३ पौंडानं भिडला? १२४ किलो? ४० किलोचा फरक हाय आवं. आमच्या तालमीत असली जोड लावली तर वस्ताद शिव्या घालंल.

पर म्हंजी ल्हान गडी हरतोच असं बी न्हाई. जॅक डेम्सी, ४ जुलै १९१९, टोलेडो. १८७ पौंडाचा गडी, समोर जेस विलार्ड २४५ चा, साडेसहा फुटाचा. पैल्या राऊंडात सात येळा पाडला त्येला. फकस्त त्यातली गोम अशी की तवा न्यूट्रल कॉर्नरचा नियम नव्हता. डेम्सी पडल्याल्या मानसाच्या उशालाच उभा, गुडघा उचलला की परत ठोसा. आजच्या नियमात त्येला दर येळी कोपऱ्यात जावं लागंल, समोरच्याला आठ आकड्यांचा दम घ्यायला मिळंल. मग कुठला डेम्सी धरायचा? रात्र निवडली पर नियम कुठल्या सालचा त्ये सांगा की.

मीनल_ठाणे

अण्णा, लाख बोललात! आणि राऊंडचं काय? १५ की १२?

बारा राऊंडचा नियम लावला तर मार्सियानो त्या रात्री चॅम्पियनच होत नाही. पहिल्याच राऊंडमध्ये खाली पडला होता, बारा राऊंडनंतर तिन्ही जजांच्या कागदांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्यात दोराजवळ तो एक आखूड उजवा बसला आणि वॉलकॉट दोराला लटकत घसरत खाली आला. जो लुईस १९४१ ला बिली कॉनविरुद्ध, तेच. दोन कागदांवर कॉन पुढे, एकावर बरोबरी, तेराव्यात लुईसने झोपवला. आजचा नियम असता तर हेवीवेटचा इतिहास वेगळाच लिहिला गेला असता. आणि माझा लाडका लॅरी होम्स, ९ जून १९७८, नॉर्टन, चौदा राऊंड झाले आणि तिन्ही जजांच्या कागदावर बरोबरी, पंधराव्यात ठरलं.

१९८२ ला मॅन्सिनीविरुद्ध खेळताना तो कोरियन पोरगा किम गेला, त्यानंतर पंधराचे बारा झाले. योग्यच झालं. पण जुन्या लोकांना बाराच्या मापाने मोजायचं की नव्यांना पंधराव्यापर्यंत ताणायचं हे धागाकर्त्याने सांगावं.

तिसरा_राऊंड

१५ राऊंड, न्यूट्रल कॉर्नरचा नियम लागू, वजन जे असेल ते. झालं समाधान?

घाटावरचा_अण्णा

न्हाई. महाराष्ट्र केसरीला गादी अन माती आधी येगळी खेळवत्यात आन शेवटाला दोघांची लावत्यात, तसं करा. २०० च्या खालचे एकीकडं, वरचे एकीकडं. खालच्यात माझा लुईस. वरच्यात भांडत बसा.

जुनापाना

थोडं उशिरा आलो. अण्णांच्या खालच्या गटात लुईसला माझं पण मत.

लुईसचं काय व्हायचं, त्याच्या लढतीत नाच नाही, आरडाओरडा नाही, त्यामुळे आजच्या पोरांना तो कंटाळवाणा वाटतो. पण त्याचे पाय बघा. अर्धा अर्धा पाऊल पुढे सरकतो, घसटत, कधीही तोल सुटत नाही, आणि म्हणूनच कुठल्याही क्षणी मारायला तयार असतो. ठोसा जेमतेम वीतभर लांबून येतो. श्मेलिंगने १९३६ ला एक चूक हेरली होती, जॅब मारून लुईस डावा हात खाली आणत परत घेतो, त्या फटीतून उजवा घालायचा. बाराव्यापर्यंत तेच तेच करून त्याला पाडला. दोन वर्षांनी ती फट बंद झालेली होती. एवढं मोठं ओझं होतं त्या रात्री, एकीकडे हिटलरची जर्मनी, दुसरीकडे ज्या अमेरिकेत त्याला अर्ध्या हॉटेलांत घेत नव्हते ती अमेरिका त्याच्या मागे उभी, आणि या माणसाने १२४ सेकंदांत काम संपवलं. एकूण साडेअकरा वर्षांहून जास्त किताब, २५ वेळा राखला. तो आकडा आजवर कुणी मोडलेला नाही.

रच्याकने, हा धाग्याचा खेळ नवीन नाही बरं का. १९६९ मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटरला अली आणि मार्सियानोची माहिती भरवून निकाल काढला होता. अलीवर तेव्हा बंदी होती, मार्सियानो रिटायर होऊन तेरा वर्षं झालेली, त्याने वजन उतरवलं, टोप घातला, दोघांनी मायामीत स्टुडिओत मिनिट मिनिटाचे पुष्कळ राऊंड खेळले आणि वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले. ते लोकांना दाखवायच्या आधीच ऑगस्ट ६९ ला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी ७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानो तेराव्या राऊंडला जिंकला. युरोपात दाखवलं तिथे अली जिंकला. कॉम्प्युटरसुद्धा प्रेक्षक बघून बोलायचा.

टिवल्याबावल्या

म्हणजे कॉम्प्युटर तेव्हापासूनच फॉरवर्ड चालवत होता. हलकं घ्या.

न्यूजर्सीकर

मीनलताई, वाईट रात्रीवर येतो, कारण मला माहितीये तुम्ही टोकियो काढणार आहात.

११ फेब्रुवारी १९९०. समोर बस्टर डग्लस, सट्टेबाजांचा भाव टायसनच्या बाजूने ४२ ला १. पण तो टायसन ८८ चा नव्हताच. डीअमाटो ८५ लाच गेला होता, ट्रेनर केव्हिन रूनीला स्पिंक्सनंतर काढून टाकलं, सरावात मन नाही, कोपऱ्यात जी माणसं होती ती नावाला. डोळा सुजला तर दाबायला जी थंड लोखंडी पट्टी लागते ती पण आणली नव्हती त्यांनी. एका रबरी ग्लोव्हमध्ये बर्फाचं पाणी भरून तो फुगा डोळ्यावर धरून बसले होते. जगातल्या सगळ्यात महागड्या बॉक्सरच्या कोपऱ्यात! त्या रात्रीवरून ८८ चा माणूस कसा जोखणार तुम्ही? आणि आठव्यात त्याने डग्लसला पाडला होताच की.

मीनल_ठाणे

पाडला होता आणि डग्लस उठला, हाच तर मुद्दा आहे. डग्लसची आई तीन आठवड्यांपूर्वी गेली होती, त्याच्याकडे कारणं कमी नव्हती. दहाव्यात टायसन पडला तेव्हाचं दृश्य आठवा, काउंट चालू आहे आणि तो गुडघ्यावर रांगत माउथपीस शोधतोय, सापडल्यावर ते उलटसुलट तोंडात कोंबतो, एक टोक बाहेर लोंबतंय. उठायची धडपड केली हे मी नाकारत नाही, उलट मला तो तिथे पहिल्यांदा माणूस वाटला. पण डोकं हलणं पाचव्याच्या आसपासच थांबलं होतं आणि मग दुसरा रस्ताच नव्हता त्याच्याकडे. होलीफील्डसमोर ९६ ला पुन्हा तेच.

उलट होम्स बघा. सप्टेंबर १९७९, अर्नी शेव्हर्स, ज्याच्या उजव्याबद्दल अलीपासून सगळे कानाला खडा लावायचे. सातव्या राऊंडला तो उजवा होम्सच्या जबड्यावर पूर्ण बसला. आपण असतो तर नाव विचारायला लागलं असतं. होम्स उठला, तो राऊंड काढला, आणि अकराव्यात शेव्हर्सचीच लढत थांबवावी लागली. त्याचा जॅब हा माझ्या मते हेवीवेटमधला सर्वोत्तम, अली धरून. लोक त्याला अलीची नक्कल म्हणून हिणवत राहिले. अलीचा सराव भागीदार होता ना, त्यामुळे. ७५ लढतींत त्याला नॉकआऊट फक्त एकाने केलं.

न्यूजर्सीकर

कुणी बरं? :)

मीनल_ठाणे

तुमच्या टायसनने, होम्स ३८ वर्षांचा असताना, जवळजवळ दोन वर्षं घरी बसलेला असताना. तुमच्याच नियमाने ती रात्र बाद. तुम्ही टोकियो बाद करणार तर मी जानेवारी ८८ बाद करणार.

तिसरा_राऊंड

वाईट रात्र हवीये ना, मग किन्शासा घ्या. ३० ऑक्टोबर १९७४. अमेरिकेच्या टीव्हीसाठी पहाटे चारला लढत, भयंकर दमट हवा. अली ३२ वर्षांचा, पाय ६६ चे राहिलेले नाहीत. पहिल्या राऊंडमध्ये नाचून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की फोरमन रिंग कापत, म्हणजे सरकायची वाट अडवत येतोय, आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त पावलं टाकावी लागतायत, पंधरा राऊंड हे परवडणार नाही. मग दुसऱ्यापासून दोराला पाठ लावून उभा. त्याच्या कोपऱ्यातली माणसं ओरडत होती की दोर सोड. आणि हा गालावर हात घेऊन फोरमनच्या कानात काय काय बोलतोय.

आठव्यातला शेवटचा सेकंद मी किती वेळा पाहिला असेल. फोरमन लडखडत गोल फिरत खाली चाललाय, अलीचा उजवा हात मागे ओढलेला, मारायला तयार, आणि तो मारत नाही. खाली जाऊ देतो. मीनलताई, तुमच्या नियमाने पण अलीच.

डावखुरा

पण मग तुम्हीच तुमची ६६ ची रात्र सोडलीत की. ६६ चा अली वेगळा, ७४ चा वेगळा. ६६ चा अली किन्शासात काय करणार? दोराला टेकून मार खायची ताकद त्याने कधी दाखवलीच नव्हती, गरजच पडली नव्हती. नुसता नाचणार. फोरमन १५ राऊंड रिंग कापेल?

तिसरा_राऊंड

फोरमनचा दम सहाव्याला संपतो. ६६ चा अली दहाव्यापर्यंत नाचतो. गणित करा.

जुनापाना

या लोकांचं गणित करता येत नाही हीच तर गंमत आहे. फ्रेझरने अलीला हरवलं, पंधराव्यात तो डावा हूक घालून पाडला. फोरमनने फ्रेझरला दोनदा कुटला. अलीने फोरमनला झोपवला. तसंच नॉर्टनने १९७३ ला अलीचा जबडा मोडला आणि फोरमनसमोर कॅराकसमध्ये दोन राऊंड टिकला. फ्रेझर खाली वाकून पुढे येतो, फोरमनचा अप्परकट खालूनच येतो, म्हणजे हा स्वतःहून त्याच्या वाटेत डोकं नेऊन ठेवतो. किंग्स्टनला एका अप्परकटने त्याचे पाय जमिनीवरून सुटले होते. फ्रेझर १९७१ चा असता तरी पुढे वाकूनच आला असता.

घाटावरचा_अण्णा

अवांतर: अली भारतात बी आला व्हता, जानेवारी १९८०. दिल्लीत आपल्या कौर सिंगसंगं चार राऊंडाची प्रदर्शनी लढत झाली. आर्मीतला गडी. त्यानंच ८२ च्या एशियाडला सुवर्ण घेतलं. २०२३ ला गेला बिचारा, पेपरात चार ओळी आल्या.

मीनल_ठाणे

आणि १९८० च्याच ऑक्टोबरात अली होम्ससमोर उतरला. उतरायला नको होता. होम्स स्वतः रेफ्रीकडे बघत होता की थांबवा म्हणून. ती रात्र कुणाच्याच यादीत नको.

डावखुरा

लेनॉक्सची रात्र राहिलीय अजून. मी सुचवतो: ११ नोव्हेंबर २०००, डेव्हिड टुआ. कंटाळवाणी म्हणून शिव्या पडतात तिला, पण टुआ म्हणजे ५ फूट १० इंच, डावा हूक तोफेसारखा, नुसता पुढे येणारा. ओळखीचं वाटतंय ना कुणी, न्यूजर्सीकर? लेनॉक्सने ८४ इंचाच्या हातांनी जॅब मारत त्याला बारा राऊंड जवळ फिरकूच दिलं नाही. ८८ च्या टायसनचं डोकं टुआपेक्षा खूप जास्त हलतं हे मान्य, पण लेनॉक्स जिंकतो. लटपटत, पण जिंकतो.

न्यूजर्सीकर

लेनॉक्सला मॅकॉलने आणि रहमानने एकेका उजव्याने झोपवलंय. टायसनला एकच हवा.

डावखुरा

आणि दोघांचा हिशोब त्याने नंतर चुकता केला. शिवाय हे दोघे १९८४ ला कॅट्सकिलला डीअमाटोच्या जिममध्ये सराव लढती खेळलेत, पोरं होती तेव्हा. लेनॉक्स तिथून पळून गेला नाही.

जुनापाना

सरावाचा पुरावा चालणार असेल तर माझ्याकडे त्याहून भारी आहे. फोरमन नवशिका असताना लिस्टनबरोबर सराव करायचा, दोघांचा ट्रेनर एकच, डिक सॅडलर. लिस्टन तेव्हा चाळिशीला टेकलेला, उतारावर. आणि फोरमनने पुढे अनेकदा सांगितलंय की मला मागे रेटणारा माणूस तो एकच. ज्या फोरमनसमोर फ्रेझर चेंडूसारखा उडाला, त्याला.

मीनलताईंचा आक्षेप मान्य करून लिस्टनची रात्र बदला. पॅटरसन नको. १५ एप्रिल १९५९, मायामी बीच, समोर क्लीव्हलंड विल्यम्स. हाच तो विल्यम्स, पण गोळी लागायच्या पाच वर्षं आधीचा, धडधाकट, त्या काळातल्या सगळ्यात जड हातांपैकी एक. पहिल्या राऊंडला त्याने लिस्टनवर जे होतं नव्हतं ते सगळं सोडलं. लिस्टन ते झेलून जॅब मारत पुढेच आला आणि तिसऱ्यात पाडला. पुढच्या वर्षी परत, दुसऱ्यात.

मीनल_ठाणे

ही घेतली. विल्यम्स एकच, अलीच्या वाट्याला आलेला वेगळा आणि लिस्टनच्या वाट्याचा वेगळा. तिसरा_राऊंड, उत्तर द्या आता.

तिसरा_राऊंड

अलीने त्याच लिस्टनला स्टुलावरून उठू दिलं नव्हतं, ६४ ला. हे घ्या उत्तर.

मीनल_ठाणे

६४ चा लिस्टन म्हणजे मधल्या दीड वर्षात पॅटरसनविरुद्ध दोन लढती मिळून पाच मिनिटंसुद्धा न खेळलेला माणूस. ५९ चा उभा करा.

घाटावरचा_अण्णा

५९ चा लिस्टन अन ७३ चा फोरमन लावा की मग. १५ राऊंड कशाला, तीन बास झाले.

न्यूजर्सीकर

फोरमन, दुसऱ्यात.

जुनापाना

लिस्टन. तिसऱ्यात, आणि फोरमन मागे सरकताना.

डावखुरा

लिस्टनचा जॅब आधी पोचतो, ८४ इंच. जुनापाना +१.

टिवल्याबावल्या

दोघं एकदम पडतात आणि रेफ्री जिंकतो.